घाणी, जवस आणि मोहोळ

जबलपूरच्या तुरुंगात असताना जे. सी. कुमारप्पा यांनी एक छोटेखानी पुस्तक लिहिले. ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या नावाने ते प्रसिद्ध झाले आणि १९४५ साली गांधीजींनी त्याला प्रस्तावना लिहिली. माणसाच्या अर्थव्यवहाराच्या पाच पायऱ्या कुमारप्पांनी त्यात मांडल्या आहेत आणि प्रत्येक पायरीला निसर्गातला दाखला दिला आहे. ज्याच्यावर जगायचे त्यालाच संपवणारा वाघ सर्वांत खालच्या पायरीवर, दुसऱ्याच्या बागेतली फळे ओरबाडणारे माकड त्याच्या वर. मधमाशीला मात्र दोन पायऱ्यांवर जागा मिळाली आहे. फुलातून मध घेताना ती फुलाचेही काम करून जाते म्हणून एका पायरीवर. आणि गोळा केलेले स्वतःसाठी न ठेवता पोळ्यात जमा करते म्हणून तिच्या वरच्या पायरीवर. तिच्याही वर केवळ निरपेक्ष सेवा. कुमारप्पा लंडनमध्ये शिकलेले सनदी हिशेबतपासनीस होते, ही गोष्ट या ठिकाणी ध्यानात ठेवावी. भाबडेपणाने मुंगी-मधमाशीचे दाखले देणारा हा गृहस्थ नव्हे. घेणे आणि देणे यांचा ताळेबंद ज्याला कळतो, त्याने सगळा प्राणिसंसार तपासून मधमाशीच्या वहीत शिल्लक दाखवली.

तुरुंगात जाण्यापूर्वी आणि सुटल्यानंतरही कुमारप्पांचा मुक्काम वर्ध्यातल्या मगनवाडीत असे. आज त्याच वर्धा जिल्ह्यात कोणत्याही जुन्या शेतकऱ्याला विचारा. पूर्वी बाभळीवर, वडावर, विहिरीच्या कपारीत मोहोळे असत, आता शोधावी लागतात, असे तो सांगतो. किती होती आणि किती उरली, हे मात्र कोणी सांगू शकत नाही, कारण ती कधी मोजलीच गेली नाहीत. २००६ च्या अखेरीस अमेरिकेत पेट्याच्या पेट्या रिकाम्या होऊ लागल्या, राणी आणि पिल्ले मागे सोडून कामकरी माश्या नाहीशा झाल्या, तेव्हा तिथल्या मधपाळांनी वह्या उघडून आपले नुकसान सांगितले. तिथली मधमाशी ही गाई-कोंबड्यांसारखी पाळलेली मालमत्ता. दरवर्षी बदामाच्या बागांत तिच्या पेट्या भाड्याने जातात. आपल्याकडची मधमाशी बहुतांशी रानटी, कोणाच्याच मालकीची नाही. जे कोणाचे नाही ते हरवल्याची फिर्यादही कोणी देत नाही. म्हणून तिचा इतिहास लिहायचा तर तो दुसऱ्यांच्या दप्तरांतून शोधावा लागतो: पिकांच्या, तेलाच्या, फवाऱ्यांच्या.

आधी ओळख करून घेऊ, कारण ‘मधमाशी’ या एका शब्दात निरनिराळे स्वभाव आहेत. सर्वांत मोठी आग्या. उंच झाडाच्या फांदीला, कड्याला आणि हल्ली पाण्याच्या टाकीखाली तिचे एकच मोठे पोळे लोंबते. ती एका जागी वर्षभर राहत नाही. फुलोऱ्यामागे कोसच्या कोस जाते आणि पुष्कळदा पुढच्या हंगामात त्याच झाडावर परतते. चांदण्या रात्रीही ती फुलांवर जाते. दुसरी फुलोरी, झुडपाच्या काटकीभोवती तळहाताएवढे पोळे बांधणारी, गरीब. तिसरी सातेरी, झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या पोकळीत एकापाशी एक अशी अनेक पोळी लावते. पेटीत राहायला तयार होणारी यांतली एवढीच. पेटीतून विकत येणारी मेलिफेरा ही चौथी. ती परदेशी असून १९६० च्या दशकात हिमाचलातल्या नगरोटा येथे तिचा या देशात जम बसला.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मार्गदर्शन गांधीजींचे, कुमारप्पा कार्यवाह. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि घर संघाला दिले आणि मगनलाल गांधींच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. हातकागद, घाणीचे तेल, हातसडीचे तांदूळ, गूळ यांबरोबर मधमाशीपालनही संघाच्या यादीत होते. १९३५ साली ‘हरिजन’मधून गांधीजींनी या धंद्याची शिफारस केली. मध ही श्रीमंतांची चैन किंवा वैद्याच्या खलातले अनुपान म्हणूनच का राहावी, अशी त्यांची तक्रार होती. त्यामागे अहिंसेचा प्रश्नही होता. धुराने किंवा पलित्याने माश्या हुसकायच्या, पोळे सबंध कापायचे आणि मध, मेण, अंडी, अळ्या सगळे फडक्यात घालून पिळायचे, ही मध काढण्याची जुनी रीत. पेटीतल्या मधाला हा दोष नाही. चौकट बाहेर काढावी, यंत्रात फिरवून मध घ्यावा, पोळे जसेच्या तसे परत ठेवावे. दक्षिणेत फादर न्यूटन यांनी सातेरीच्या मापाची पेटी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच तयार केली होती.

परंतु पेटी रुजली ती महाबळेश्वरच्या थंड, बारमाही हिरव्या रानात. पुढे १९६२ मध्ये मधमाशीची केंद्रीय संशोधन संस्थाही पुण्यात निघाली. वर्ध्याच्या मोकळ्या काळ्या मातीत वैशाखाचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पोळ्याच्या आतले तापमान पस्तीस अंशांच्या आसपास राखण्यासाठी माश्यांना पाणी आणून शिंपावे लागते आणि पंखांनी वारा घालावा लागतो. उपासमार किंवा उकाडा असह्य झाला की सातेरी पेटी सोडून निघून जाते. मधाची मगनवाडीतली कहाणी म्हणूनच थोडक्यात आटोपते. मात्र त्याच आवारात चाललेल्या दुसऱ्या एका उद्योगाचा मधमाशीशी अधिक जवळचा संबंध होता, असे मला वाटते. त्याकडे येण्याआधी नेहमीचे संशयित निकालात काढू.

मोबाइलचा टॉवर हा सर्वांत लोकप्रिय संशयित. त्याच्या विरुद्धचा पुरावा तुटपुंजा आहे. आणि मोहोळे विरळ झाल्याची जी लक्षणे जुनी माणसे सांगतात ती टॉवरांच्या आधीपासूनची आहेत. मधमाशी संपली की माणूस चार वर्षांत संपेल, हे आइनस्टाइनच्या नावावर फिरणारे वाक्यही त्याच जातीचे; त्याच्या लेखनात ते सापडलेले नाही. दुसरा संशयित रोग. १९९१-९२ च्या सुमारास ‘थाई सॅकब्रूड’ नावाच्या विषाणूने कर्नाटक, केरळ, तमिळनाडूतल्या सातेरीच्या वसाहती इतक्या मारल्या की कित्येक गावांत दहांतली एकही पेटी भरलेली राहिली नाही. वर्ध्याच्या कथेत मात्र तो मुख्य पात्र ठरत नाही, कारण इथल्या मधाचा आणि परागणाचा मोठा भार आग्या आणि फुलोरीवर होता आणि तो रोग सातेरीचा. तिसरा संशयित बीटी कापूस. मार्च २००२ मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच जिल्हा त्याने भरला. बीटीचे विष बोंडअळीच्या कुळासाठी आहे. मधमाशीला ते थेट बाधत नाही असेच प्रयोग सांगतात. त्या जनुकाविषयी इतर तक्रारी करायला जागा आहे, पण या गुन्ह्यात त्याला गोवू नये.

फवारणीचे तसे नाही. देशाच्या पीकक्षेत्रापैकी पाच टक्क्यांच्या आसपास जागा घेणारा कापूस १९९० च्या दशकात एकूण कीटकनाशकांचा जवळपास निम्मा वाटा पीत होता. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या बाजारात घेतले जाई. तो देशी कापूस होता. त्याच्यावर कीड पडे, पण फवारा कोणाला ठाऊक नव्हता. पुढे संकरित वाण आले, पाठोपाठ पायरेथ्रॉइड आले, अळीने त्यांना दाद दिली नाही तशी मिश्रणे आली. कापसाला मध आहे. फुलात तर आहेच, पण पानाच्या पाठीवरल्या शिरेवर आणि फुलाच्या बुडाशीही त्याच्या मधग्रंथी असतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे ज्या काळात माशी या पिकावर सर्वांत जास्त येते, त्याच काळात सकाळच्या पहरी फवारणी चालते. बीटीने अळीसाठीच्या फवारण्या सुरुवातीला कमी केल्या हे खरे. पण तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांच्यासाठी बियाण्यालाच इमिडाक्लोप्रिड लावून पाकीट येऊ लागले. याच गटातली तीन औषधे युरोपीय संघाने २०१८ मध्ये मोकळ्या शेतात वापरायला बंद केली, ती मधमाश्यांच्या कारणानेच. पुढे गुलाबी बोंडअळी परत आली आणि फवारेही परतले. २०१७ च्या पावसाळ्यात नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. माणूस मेला म्हणून ती बातमी झाली. त्याच शेतात त्या आठवड्यात आणखी काय काय मेले असेल, त्याचा पंचनामा कोण करणार?

तरीही फवारा हे पूर्ण उत्तर नाही. विषाने मोहोळ दुबळे होते, पण आजूबाजूला भरपूर फुलोरा असेल तर ते पुन्हा भरते. वर्ध्यातल्या माशीला विष मिळण्याआधी, आणि विष मिळत असतानाही, तिच्या पुढ्यातले ताट उचलले गेले. इथेच मगनवाडीची घाणी येते.

झवेरभाई पटेल यांनी मगनवाडीत जुन्या तेलघाणीत सुधारणा केल्या आणि ‘वर्धा घाणी’ या नावाने ती देशभर गेली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी ज्याचे उद्घाटन केले ते मगन संग्रहालय अशाच उद्योगांच्या साधनांसाठी आहे. घाणीत काय पडे? तीळ, जवस, करडी, भुईमूग, कुठे कुठे जगनी. आमच्या घरी आजीच्या काळापर्यंत रोजच्या फोडणीला जवसाचे तेल असे. त्याचा उग्र वास पुण्याच्या पाहुण्यांना सोसत नसे आणि आजीला त्यांचे गोडे तेल बेचव वाटे. ही सगळी तेलबियांची पिके म्हणजे माशीच्या दृष्टीने वर्षाचे पंचांग होते. श्रावण-भाद्रपदात तीळ फुले. अश्विनात जगनी आणि धुऱ्यावरचे तण, त्याच सुमारास कापूस. मार्गशीर्षाच्या आसपास तुरीची पिवळी फुले. पौष-माघात जवसाचे निळे शेत आणि मागून करडी, कोथिंबिरीचे धणे. तिथून रान ताबा घेई: पळस, काटेसावर, मग निंब, करंज, जांभूळ. ज्वारीला मध नसतो, पण तिच्या कणसावरचा पराग माश्या गोळा करून नेत, आणि परागाखेरीज पिल्ले वाढत नाहीत. जेठातला उन्हाळा आणि आषाढातली झड हे तिचे दुष्काळाचे दोन महिने. त्यातून निभावून नेण्याइतकी शिदोरी उरलेले दहा महिने देत.

हे पंचांग एका वर्षात फाटले नाही. १९८० च्या दशकात सोयाबीन आले आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्याने तीळ, ज्वारी, भुईमूग यांची जागा घेतली. १९९४ नंतर खाद्यतेलाची आयात खुली होत गेली आणि स्वस्त पामतेल खेड्यातल्या किराणा दुकानापर्यंत पोचले. घाणी बंद पडली. घाणी बंद पडली तेव्हा जवस कोणासाठी पेरायचे? ओलिताची सोय झाली तिथे रब्बीत गहू आणि हरभरा आला. गहू मुख्यतः स्वपरागित. हरभरा कळी उमलण्याआधीच स्वतःपुरते उरकून घेतो. सोयाबीनही मुख्यतः स्वपरागित. माशीला पौष-माघात जेवू घालणारे निळे शेत गेले आणि तिथे तिला दार बंद असलेले पीक आले. यात शेतकऱ्याला दोष देण्यासारखे काही नाही. ज्या जवसाला गिऱ्हाईक नाही ते त्याने माशीसाठी पेरावे, असे सांगणारा शहाणा त्याच्या धुऱ्यावर उभा राहू शकणार नाही.

धुऱ्याचीही गोष्ट आहे. निंदणाची मजुरी परवडेना तसे तणनाशक आले. निंदणाऱ्या बाया तण काढत, पण धुऱ्यावरचे आणि नाल्याकाठचे ठेवत, कारण तो गुरांचा चारा होता. तणनाशकाचा पंप तिथवर सहज पोचतो. एकदांडी, कुर्डू, रानतुळस यांना कोणी पीक म्हणत नाही, पण दोन पिकांच्या मधल्या पंधरवड्यात माशीचे पोट यांच्यावर चाले. धुऱ्यावरच्या बाभळी आणि निंब ट्रॅक्टरला वळायला अडतात म्हणून गेले. उंच झाडे गेली तशी आग्या माशी टाकीखाली, शाळेच्या सज्जाखाली, कचेरीच्या इमारतीला येऊन लटकू लागली आणि तिथे ती उपद्रव ठरली. संध्याकाळी माणूस बोलवायचा, पलिता लावायचा, सकाळी खाली मेलेल्या माश्यांचा झाडू मारायचा. अशा एका कचेरीच्या आवारात मी तो केर पाहिला आहे. झाडणाऱ्या बाईने विचारले, एवढ्यांना नेऊन टाकू कुठे?

आता परिणामांकडे. या ठिकाणी इतिहास एक विचित्र गोष्ट दाखवतो. मधमाशी नाहीशी झाली आणि पीक बुडाले, असे वर्ध्यात घडलेले दिसत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार जगातल्या तीन-चतुर्थांश प्रकारची पिके थोडीफार तरी परागण करणाऱ्या प्राण्यांवर अवलंबून आहेत. वर्ध्याने मात्र सोयाबीन, गहू, हरभरा आणि कापूस या पिकांवर भिस्त ठेवली. त्यांना माशीची मदत झाली तर होते, न झाली तरी चालते. म्हणजे शेताने आधी माशीची गरज संपवली आणि मग माशी गेली. म्हणूनच हाक उठली नाही. पुन्हा कधी करडी, जगनी किंवा सूर्यफुलाकडे वळायचे म्हटले तर दाणे का भरत नाहीत हा प्रश्न तेव्हा पडेल. जगनीचे फूल तर आपल्याच झाडाच्या परागाने फळत नाही.

तोटा झाला तो लहान शेतांचा आणि लहान माणसांचा. नदीच्या वाळूत उन्हाळ्यात डांगरवाड्या लावणारी कुटुंबे घ्या. टरबुजाला नर आणि मादी फूल वेगळे. पहाटे उमललेले मादी फूल माशीने त्याच सकाळी गाठले नाही तर फळ धरत नाही, किंवा एका बाजूला चेपलेले, वाकडे धरते, आणि वाकड्या फळाला बाजारात भाव नाही. परसातल्या काकडी-कारल्याचे तेच. रानात बिया कमी धरल्या तर त्याचा हिशेब वीस-तीस वर्षांनी झाडांच्या संख्येत दिसेल, तोवर कारण विसरलेले असेल. आणि मोहोळ काढून चार पैसे मिळवणारे तर कोणत्याच खानेसुमारीत धंदेवाईक म्हणून ठळक नव्हते.

ज्या पिकाला माशी लागत नाही असे आपण म्हणतो त्या कापसाच्या मुळाशीही माशीचेच काम आहे. १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस बाहेर पडला. संकरित बियाणे करायचे तर मादी झाडाच्या प्रत्येक कळीतले पुंकेसर आदल्या दिवशी हाताने खुडावे लागतात आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या वाणाचे फूल त्यावर घासावे लागते. एकेका एकरात हजारो कळ्या. हे काम गुजरात-आंध्रातल्या बियाणे प्लॉटांत वर्षानुवर्षे मजुरीच्या पोरींनी केले. त्यांत शाळेच्या वयाच्या मुली इतक्या होत्या की तो देशोदेशी टीकेचा विषय झाला. चीनच्या सिचुआन प्रांतात माणसे नासपतीच्या झाडावर चढून पिसांनी पराग लावतात, ते छायाचित्र आपण आश्चर्याने पाहतो. आपल्या पाकिटातले कापसाचे बी त्याच रीतीने तयार झाले आहे. कुमारप्पांच्या वहीत मधमाशीच्या नावे जमा असलेले काम दहा वर्षांच्या मुलीच्या बोटांकडे वळते झाले. मजुरीत धरले गेले ते तेवढेच.

उपायांपैकी एकाचा जन्म याच मातीतला आहे. देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या, वर्ध्याजवळ दत्तपूरला असलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आग्या मोहोळातून माशी न मारता मध काढण्याची रीत मोहोळ काढणाऱ्यांना शिकवली. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या एका कोपऱ्यात साठतो आणि पिल्ले खाली असतात. अंगभर पोशाख घालून, थोडा धूर देऊन फक्त मधाचा कांदा कापून घेतला तर माश्या पोळे सोडत नाहीत. फुलोरा असेल तर तो भाग पुन्हा भरतात आणि काही दिवसांनी दुसऱ्यांदा मध मिळतो. गांधीजींचा अहिंसेचा प्रश्न पेटीशिवाय सुटला तो असा. सरकारचा कल मात्र पेट्या वाटण्याकडे राहिला आहे. २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर हे मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, ते योग्यच झाले, कारण तिथे रान शाबूत आहे. सोयाबीनच्या शेताच्या कडेला मेलिफेराच्या पेट्या ठेवून साखरेच्या पाकावर त्या जगवणे म्हणजे बेरोजगार तरुणाला मधाचे बोट लावण्यासारखे आहे. ज्या गावात पौषात एकही फूल नाही तिथे पेटी काय करील? तुलनेने स्वस्त असलेल्या दोन गोष्टींविषयी, म्हणजे फुलोऱ्याच्या दिवसांत फवारणी संध्याकाळी करणे आणि धुऱ्यावर तणनाशक न मारणे याविषयी, कृषी केंद्रातल्या काउंटरवर कोणी बोलताना मी ऐकलेले नाही. त्यात विकण्यासारखे काही नाही, हेही कारण असेल.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा विदर्भात जवस पेरण्याचे दिवस असतील. नागपूरच्या कृषी महाविद्यालयाने जवसाच्या ‘एनएल’ मालिकेतल्या जाती काढल्या, त्यांतली एनएल-९७ जुनी आणि माहितीची. गेल्या दिवाळीत मी परसातल्या दोन गुंठ्यांपुरते बियाणे शोधत तालुक्याच्या गावी तीन दुकाने फिरलो. तिसऱ्या दुकानदाराने समोरच्या किराणा दुकानाकडे बोट दाखवले. तिथे हृदयरोगावर गुणकारी असे छापलेले, भाजलेल्या जवसाचे पाव किलोचे पाकीट होते. भाजलेले उगवत नाही, असे मी म्हणालो. दुकानदार म्हणाला, उगवायचं कशाला, खायचं आहे ना? शेवटी एका ओळखीच्या घरातून, चटणीसाठी डब्यात ठेवलेले शेरभर जवस मिळाले. माघात ते फुलले. फुलोरी आली होती. आग्या आली नाही.